पीएचडी, भाड्याचं घर आणि पंचावन्न सेंटिमीटरचं कुत्रं

सिंगापुरात शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींचे मला फोन येतात ते बहुधा जानेवारीत. पहिलं सत्र नवं शहर अंगवळणी पडण्यात निघून जातं. डिसेंबरात घरी जाऊन, आईच्या हातचं खाऊन परत आलं की हॉस्टेलची खोली खायला उठते. नेमकं त्याच सुमाराला कुणीतरी एका कुत्र्याचा फोटो पाठवतं. उभे कान, पांढरे पंजे, मागे सुंगेई तेंगाहच्या शेल्टरची जाळी. मग विचारणा होते, "ताई, घेऊ का?" शनिवार-रविवार मी तिथेच कुत्री फिरवायला जाते हे ठाऊक असल्यामुळे मी 'हो'च म्हणणार अशी त्यांची खात्री असते. मी उलट विचारते, "तुझा पास कधी संपतोय?"

प्रश्न रुक्ष आहे, पण घोडं पेंड खातं ते इथेच. वेळ मिळेल का, पैसे पुरतील का, अभ्यासाचा ताण सांभाळून हे झेपेल का, या सगळ्याला काही ना काही तोड निघते. पासाला निघत नाही. गावठी रक्ताचं कुत्रं बारा-चौदा वर्षं सहज जगतं. मास्टर्सचा स्टुडंट्स पास वर्ष-दीड वर्षाचा, पीएचडीचा चारेक वर्षांचा. उरलेली वर्षं ते कुत्रं कुठे आणि कुणाकडे असेल हे आज सांगता येत नसेल, तर फोटो कितीही गोड असो, तिथेच थांबावं. प्राणी वाऱ्यावर सोडून जाणं हा इथे गुन्हा आहे. पहिल्यांदाच सापडलात तरी १०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याच्या धाकाने कुणी कुत्रं पाळत नाही हे खरं, पण शेवटच्या महिन्यात थीसिस, घर रिकामं करणं आणि विमानाचं तिकीट एकाच वेळी अंगावर येतं तेव्हा भली माणसंही भलतंच करून बसतात.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. एका वर्षाच्या मास्टर्सला आलेल्यांनी इथे कुत्रं दत्तक घेऊ नये. त्यांच्यासाठी दुसरी चांगली सोय आहे, ती शेवटी सांगते. पीएचडी करणाऱ्यांनी जरूर घ्यावं; मात्र पहिल्या वर्षी नको, आणि पिल्लू तर नकोच.

परतीचं आधी

भारतात परतायचा बेत असेल तर नियम आजच वाचून ठेवा. सलग दोन वर्षं परदेशात राहून मुक्काम हलवणाऱ्या माणसाला सामानाबरोबर दोनपर्यंत पाळीव कुत्री-मांजरं आणता येतात. त्याहून कमी राहिलेल्याला विदेश व्यापार महासंचालनालयाच्या परवान्याच्या मागे लागावं लागतं. वर्षभराच्या मास्टर्सवाल्यांना मी नको म्हणते त्याचं एक कारण हेही. शिवाय कुत्रं उतरवता येतं ते केंद्र सरकारचं प्राणी विलगीकरण केंद्र असलेल्या शहरांतच: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद. पुण्याचं किंवा नागपूरचं विमान तुम्हाला कितीही सोयीचं असलं तरी कुत्र्यासाठी मुंबई गाठायची आणि पुढे गाडी करायची. या केंद्राचं ना-हरकत पत्र आधी मिळवावं लागतं, सिंगापूरच्या बाजूने आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि दोन्हीकडचे कागद तारखांना तारखा जुळवून करावे लागतात.

रेबीजच्या लशीत अनेकजण फसतात. सिंगापूर १९५३ पासून रेबीजमुक्त आहे, त्यामुळे इथल्या कुत्र्यांना ती लस नेहमीच्या वेळापत्रकात टोचत नाहीत. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे झालेलं असतं आणि पुस्तिका भरलेली दिसते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. भारतात जाताना प्रवासाच्या किमान महिनाभर आधी रेबीजची लस झालेली असावी लागते. आणि कागदाचं सोडा, आपल्याकडच्या रस्त्यांवर कुत्रं फिरवायचं तर ती लस हवीच.

मोठ्या कुत्र्याचा प्रवासखर्च ठरतो पिंजऱ्याच्या आकारावर. आत त्याला ताठ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा दंडक आहे. वीस-बावीस किलोच्या कुत्र्याला लागणारा पिंजरा म्हणजे लहानसं कपाटच, आणि त्याचं भाडं तुमच्या स्वतःच्या तिकिटाच्या कितीतरी पट. पहिल्या वर्षापासून दरमहा थोडी रक्कम त्यासाठी बाजूला टाका. पिंजरा तर निघायच्या आधी काही महिने घरात आणून ठेवा, दार उघडं ठेवा, जेवण आतच द्या. विमानतळावर कुत्रं पहिल्यांदा पिंजऱ्यात शिरतंय अशी वेळ येऊ देऊ नका.

आणि आई-बाबांना विचारलंय का? "आणू की घरी" असं फोनवर म्हणणं सोपं असतं. पण पोस्टडॉक दुसऱ्या देशात मिळाली तर कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, सत्तरीला टेकलेल्या बाबांच्या हातात पट्टा जाणार आहे. समोरून मांजर गेलं की बावीस किलोचं कुत्रं काय जोर लावतं याचा अनुभव त्यांना सुट्टीत इथे आले की जरूर घेऊ द्या. सोसायटीच्या बाबतीत मात्र घाबरू नका. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तो कागद जवळ असला की सेक्रेटरीशी बोलणं सोपं जातं.

पुढे अमेरिकेला जायचा विचार असेल तर एक बारकावा लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेचा नियम असा की कुत्रं आधीच्या सहा महिन्यांत कोणत्या देशात राहिलंय ते बघतात. भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत मोडतो, सिंगापूर मोडत नाही. इथून थेट गेलात तर मायक्रोचिप आणि ऑनलाइन अर्जावर बरंच भागतं. 'मधे चार महिने घरी राहून जाऊ' म्हणालात तर कागदपत्रांचा डोंगर उभा राहतो.

घर कुणाचं

विद्यापीठांच्या हॉस्टेलांत कुत्री चालत नाहीत. एनयूएस असो, एनटीयू असो, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणजे बाहेर भाड्याने राहणं आलं, आणि सिंगापुरात बाहेर राहणं म्हणजे बहुतेकदा एचडीबी, सरकारी गृहनिर्माण मंडळाची घरं. इथल्या दहातल्या आठेक माणसांचा संसार त्यातच चालतो.

एचडीबीच्या एका घरात एकच कुत्रं. माणशी एक नाही, घरटी एक. तुम्ही एक खोली भाड्याने घेतली आणि घरमालकिणीचा पूडल आधीच आहे, तर विषय तिथेच संपला. शिवाय कुत्रं मंजूर जातींच्या यादीतलं हवं, आणि ती यादी जवळजवळ सगळी छोट्या कुत्र्यांची आहे. मग मोठं, सोडवलेलं कुत्रं यात बसणार कसं? त्यासाठी २०१२ पासून 'प्रोजेक्ट अडोर' नावाची योजना आहे. स्थानिक मिश्र रक्ताची कुत्री या योजनेखाली एचडीबीत राहू शकतात. सुरुवातीला १५ किलो वजन आणि खांद्यापाशी ५० सेंटिमीटर उंचीची मर्यादा होती. २०२० मध्ये वजनाची अट काढली आणि उंची ५५ सेंटिमीटरपर्यंत वाढवली. हा बदल कागदावर पाच सेंटिमीटरचा दिसतो, पण कित्येक कुत्र्यांचा जन्म शेल्टरात जायचा वाचला तो त्याने. कुत्रं योजनेत सामील असलेल्या संस्थेमार्फतच घ्यावं लागतं (एसपीसीए, एसओएसडी, ॲक्शन फॉर सिंगापूर डॉग्ज ही त्यातली ठळक नावं), त्याची नसबंदी आणि मायक्रोचिप झालेली लागते, आणि आज्ञापालनाचं प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचं आहे. नियमाबाहेरचं कुत्रं एचडीबीत ठेवलं तर दंड ४,००० डॉलरपर्यंत जातो.

पिल्लू नको म्हणते ते यासाठीही. तीन महिन्यांचं पिल्लू मोठेपणी खांद्याला किती भरेल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. चार वर्षांच्या कुत्र्याला मोजपट्टी लावली की विषय मिटतो.

काँडोमध्ये, म्हणजे खाजगी इमारतीत, उंचीची कटकट नाही आणि कुत्री-मांजरं मिळून तीनपर्यंत परवानगी आहे. पण तिथे इमारतीच्या व्यवस्थापनाचे स्वतःचे नियम असतात: कोणती लिफ्ट वापरायची, पोहण्याच्या तलावाच्या बाजूने जायचं की नाही, लॉबीत पट्टा किती आखूड धरायचा. आणि एचडीबी असो की काँडो, भाडेकरारात पाळीव प्राण्यांना मनाई करणारं कलम बहुतेकदा छापीलच असतं. एजंटने व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. कलम खोडून, कुत्र्याचं वर्णन लिहून, मालकाची सही घ्या. बदल्यात घर सोडताना पूर्ण सफाई करून देईन, एसीची सर्व्हिसिंग नेहमीपेक्षा लवकर लवकर करून घेईन असं आपणहून लिहून द्या. कुत्र्याचे केस एसीच्या जाळ्या किती पटकन तुंबवतात हे मालकांना ठाऊक असतं, त्यामुळे तुम्ही तो विषय काढलात की त्यांना जरा धीर येतो. पास संपला किंवा रद्द झाला तर करार लवकर मोडता येईल असं कलमही त्याच बैठकीत मागा. नोकरदारांच्या करारात ते सर्रास असतं, विद्यार्थी मागायचं विसरतात.

घरात आणखी तिघं राहत असतील तर त्यांच्याशी बोलणं मालकाइतकंच महत्त्वाचं. 'कुत्रं आपल्या सगळ्यांचं' ही कल्पना मला फार घातक वाटते. सगळ्यांचं कुत्रं परीक्षेच्या आठवड्यात कुणाचंच नसतं. लायसन्स एकाच्या नावावर, खर्च त्याचा, जबाबदारी त्याची. बाकीच्यांनी हौसेने फिरवलं तर उत्तम. आणि मराठी किंवा गुजराती शाकाहारी घरात खोली घेतली असेल तर उकडलेली कोंबडी कोणत्या फ्रिजात राहील हा प्रश्न कुत्रं आणायच्या आधीच सोडवा, हसू नका. यावरून मोडलेले संसार मी पाहिलेत.

कोणतं कुत्रं

इथल्या गावठी कुत्र्याला 'सिंगापूर स्पेशल' म्हणतात. दिसायला आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचा सख्खा भाऊ: निमुळतं तोंड, लांब पाय, वर वळलेली शेपूट. त्यांची मुळं तुआससारख्या औद्योगिक वसाहतींत, बांधकामांच्या जागांवर आणि जंगलपट्ट्यांत. तिथले कामगार, त्यात आपल्या देशातलेही पुष्कळ, डब्यातला भात त्यांना घालत आले. २०१८ च्या अखेरीस सरकारने या कुत्र्यांना पकडून, नसबंदी करून, जमेल त्यांना घर द्यायचं आणि बाकीच्यांना परत सोडून लक्ष ठेवायचं असा कार्यक्रम सुरू केला. आज शेल्टरांत दिसणारी बरीच कुत्री त्या वाटेने आलेली आहेत.

याचा अर्थ तुमच्या वाट्याला येणाऱ्या कुत्र्याने कदाचित आजवर लिफ्ट पाहिलेली नसेल, पंखा पाहिलेला नसेल, जिना चढलेला नसेल. ते मारकं नसतं, भित्रं असतं. मोठं कुत्रं म्हटलं की लोकांना चावण्याची भीती वाटते. मला वाटते पळून जाण्याची. पहिला महिना दोन पट्टे हवेत. एक आवळला जाणाऱ्या गळपट्ट्याला, दुसरा छातीच्या हार्नेसला, आणि दोन्ही टोकं तुमच्या हातात. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून साध्या गळपट्ट्यातून डोकं काढतं तेव्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत ते रस्त्यापलीकडे असतं. एचडीबीच्या लोखंडी दाराच्या गजांतून किती मोठं कुत्रं निसटू शकतं यावर विश्वास बसत नाही; खालच्या भागाला जाळी बांधून घ्या.

शेल्टरात गेलात की फोटोतल्याच कुत्र्यापाशी बसून राहू नका. स्वयंसेवकाला सांगा की बाहेर रस्त्यापर्यंत फिरवून आणूया. चालता चालता किल्ल्या खाली पाडा. कुत्रं दचकेल, दचकू द्या. तुम्ही बघायचं ते त्याच्या पुढचं: ते मान वळवून किल्ल्यांकडे बघतं का, हुंगायला येतं का, की पट्ट्याच्या टोकाला जाऊन थरथरत राहतं? मग हातातला खाऊ पुढे करा. लगेच घेतलं तर छान. लॉरी गेल्यावर जरा थांबून घेतलं तरीही चालेल. दहा मिनिटांनंतरही तोंड उघडत नसेल तर ते कुत्रं वाईट नाही, पण त्याला दिवसभर घरी असणारं माणूस हवं, आणि ते माणूस तुम्ही नाही. चार ते सात वर्षांचं, माणसांशी बरं वागणारं, रात्री शांत झोपणारं कुत्रं मागा. काळ्या कुत्र्यांकडे लोक कमी वळतात, कारण फोटोत त्यांचे डोळे दिसत नाहीत. माझा सल्ला आहे की आधी तीच बघा.

मिश्र रक्तात जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डोबरमन यांची छटा असेल तर आधीच चौकशी करा. या जाती आणि त्यांचे संकर वेगळ्या यादीत मोडतात. बाहेर नेताना तोंडाला मुसकं, विमा, बँक हमी अशा अटी लागतात, आणि एचडीबीचा प्रश्नच येत नाही.

संस्थेची माणसं तुमचं घर बघायला येतील. दारं, खिडक्या, बाल्कनीचे गज तपासतील, पगार विचारतील, पास विचारतील, सुट्टीत कुत्रं कुठे राहणार ते विचारतील. स्थळ बघायला आलेल्या मंडळींसारखाच प्रकार, फक्त चहापोह्यांवर इथे काही ठरत नाही. परदेशी विद्यार्थी म्हणून दोन प्रश्न जास्त येतील. रागावू नका, परतीचा वर सांगितलेला सगळा हिशेब लिहून त्यांच्यापुढे ठेवा.

लॅब आणि लिफ्ट

कुत्रं आणायची योग्य वेळ म्हणजे क्वालिफाइंग परीक्षा झाल्यानंतरचा मे महिना. अध्यापनाचं सत्र संपलेलं असतं, टीएची कामं नसतात, आणि संशोधनाचा दिनक्रम एव्हाना बसलेला असतो. डिसेंबरात आणू नका, कारण पंधरा दिवसांत तुम्हीच भारतात जाल. ज्या वर्षी फील्डवर्क आहे किंवा परदेशी सेमिनार ठरलेत ते वर्षही टाळा.

सिंगापूर स्पेशल घरात लघवी करायला सहसा तयार होत नाही. ट्रे ठेवा, कागद पसरा, ते दाराकडे तोंड करून बसून राहील. म्हणजे सकाळ-संध्याकाळ बाहेर नेणं आणि दुपारी कुणीतरी एकदा, हे पावसातही चुकत नाही. इथे वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे वेळापत्रक बसवणं सोपं आहे: सकाळी साडेसहाला निघा, संध्याकाळी अंधार पडल्यावर. भर दुपारी फरसबंदीवर हाताची मागची बाजू टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. बारा तास चालणारा प्रयोग लावायचा असेल त्या दिवसाची सोय आदल्या आठवड्यात करा, प्रयोग लावून झाल्यावर नाही. दुपारी येणारा पैसे देऊन ठेवलेला माणूस, घरातला मित्र किंवा त्याच ब्लॉकमधला कुत्रेवाला शेजारी, यांपैकी दोघं तरी हाताशी हवेत.

घर शोधताना एमआरटी, म्हणजे मेट्रो, किती मिनिटांवर हे आपण बघतोच. कुत्रं आणायचं असेल तर पशुवैद्य किती मिनिटांवर हे आधी बघा. एमआरटीत आणि बसमध्ये मार्गदर्शक कुत्र्यांखेरीज कुत्र्यांना प्रवेश नाही. पाळीव प्राणी नेणाऱ्या टॅक्सी मिळतात, पण दर वेळी तेवढे पैसे मोजावे लागतात. छोटं कुत्रं पिशवीत घालून निभावता येतं. बावीस किलोचं, पाय मुरगळलेलं कुत्रं उचलून अर्धा किलोमीटर नेऊन बघा म्हणजे कळेल.

आता शेजार. एचडीबीत १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय कुटुंबांचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे. त्यामुळे तुमच्या लिफ्टमध्ये मलय मुस्लिम शेजारी बहुधा असणारच. त्यांच्या शाफी परंपरेत कुत्र्याची लाळ किंवा ओलं अंग लागलं तर ती जागा सात वेळा धुवावी लागते, त्यातलं एकदा माती कालवलेल्या पाण्याने. कुणाचा राग-लोभ यात नसतो. नमाजाला निघालेल्या माणसाला तुमच्या कुत्र्याने प्रेमाने चाटलं तर त्याला पुन्हा घरी जावं लागतं, एवढाच प्रकार. क्लेमेंटीच्या एका मुलाने बसवलेली रीत मला पटते. लिफ्टचं दार उघडलं की तो आधी आत डोकावतो. कुणी असेल तर "पुढची घेतो" म्हणून मागे सरतो. रिकामी असेल तर कुत्रीला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवतो आणि तिच्या आणि दाराच्या मध्ये स्वतः उभा राहतो. मधल्या मजल्यावर भाजीची ट्रॉली घेऊन मकचिक, म्हणजे मलय मावशी, उभी असली तर तोच आधी विचारतो, येणार का थांबणार? बहुतेकदा ती हात हलवून जा म्हणते. आता ती दुरूनच कुत्रीची चौकशी करते, आणि हरी रायाला, म्हणजे ईदला, त्याच्या दारावर कुईचा, म्हणजे मलय मिठाईचा, डबा येतो.

व्हॉइड डेकच्या, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतल्या, खांबाशी लघवी केली तर धुवायला पाण्याची बाटली जवळ असू द्या. तक्रारी भुंकण्याच्या जितक्या येतात तितक्याच या वासाच्या येतात. भुंकण्याचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात एक स्वस्त कॅमेरा लावा, कारण तुम्ही गेल्यावर ते काय करतं हे शेजाऱ्याकडून कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं. एकटं राहण्याची सवय पाच मिनिटांपासून वाढवत न्या, थेट आठ तासांवर उडी मारू नका.

आवाजांचं कॅलेंडरही भिंतीवर हवं. इथे विजा कडाडतात त्या वर्षभर. चिनी नववर्षात सिंहनृत्याचे ढोल ब्लॉकखाली वाजतात. आणि ९ ऑगस्टच्या राष्ट्रीय दिनाच्या आधीचे कित्येक शनिवार लढाऊ विमानं सरावासाठी डोक्यावरून जातात. त्या संध्याकाळी खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि फिरणं विमानांच्या आधी उरकलेलं.

पैसे आणि पोट

परदेशी विद्यार्थ्यांच्या 'सिंगा' या पीएचडी शिष्यवृत्तीत महिन्याला २,७०० डॉलर मिळतात, क्वालिफाइंग परीक्षेनंतर ३,२००. बाहेरच्या खोलीचं भाडं त्यातला मोठा घास घेतं. कुत्र्याचं खाणं, गोचिडांचं औषध, हार्टवर्मची गोळी मिळून दीडशे ते अडीचशे डॉलर धरा, आजारपण सोडून. नसबंदी झालेल्या कुत्र्याचं लायसन्स वर्षाला १५ डॉलर, न झालेल्याचं ९०. मुळात लायसन्सच नसेल तर दंड ५,००० पर्यंत. खिशाला खरी कात्री लागते ती गोचीड-तापाने. दमट हवेत गोचिडं बारा महिने असतात. कुत्रं एकाएकी मलूल झालं, हिरड्या फिकट पडल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्त तपासून घ्या. दोन-तीन हजार डॉलर खात्यात हात न लावता पडून असले पाहिजेत. ते जमेपर्यंत कुत्रं आणू नका. शिष्यवृत्ती वाढल्यावर आणा.

घरचं जेवण द्यायला हरकत नाही. भात, उकडलेली कोंबडी, भोपळा, थोडं दही कुत्री आनंदाने खातात. फोडणी पडायच्या आधी त्यांचा वाटा काढा. कांदा आणि लसूण त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडावर घाला घालू शकतात, तेव्हा पूजेच्या दिवशी पाहुण्यांना आधीच सांगा. कौतुकाने प्रसाद भरवणाऱ्या काकू प्रत्येक मंडळात असतात.

पास छोटा असेल तर

वर्ष-दीड वर्षासाठी आलेल्यांनी संस्थांकडे फोस्टर म्हणून नाव द्यावं. शस्त्रक्रियेतून उठलेलं, दत्तक घ्यायला कुणी यायची वाट बघणारं किंवा लिफ्ट-जिना शिकायचं राहिलेलं असं कुत्रं काही आठवडे घरी ठेवायचं. औषधपाण्याचा खर्च सहसा संस्था उचलते, मुदत आधी ठरलेली असते, आणि शेल्टरातल्या पिंजऱ्यातून घरात आलेल्या कुत्र्याला नंतर कायमचं घर मिळणं सोपं जातं. घरमालकाची परवानगी आणि एचडीबीचे नियम मात्र याला तितकेच लागू आहेत, त्यामुळे कुत्रं ताब्यात घ्यायच्या आधी संस्थेला घराचा प्रकार स्पष्ट सांगा. तेही जमत नसेल तर कुत्री फिरवायला या. संस्थेच्या संकेतस्थळावर स्वयंसेवकांची नोंदणी असते आणि सुरुवातीची ओळखभेट बहुधा शनिवार-रविवारी सकाळी ठेवतात. पायात बंद बूट घाला, ओढणी आणि लोंबती कानातली घरी ठेवा, डासांचं औषध लावून या आणि एक जास्तीचा टीशर्ट पिशवीत टाका.